विचारा तर खरं : पाणी ९८ वरच का थांबलं?

शाळा सुरू होऊन अडीच-तीन महिने झाले, पहिल्या युनिट टेस्ट आटोपल्या, आणि यावेळी आलेल्या पत्रांतली निम्मी तरी विज्ञानाच्या तासाबद्दलची आहेत, म्हणून सप्टेंबरचं हे सदर सगळं त्यांनाच देतेय. मी इंदुरात ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, खाली जे सांगतेय त्यातलं बहुतेक वर्गात मुलांबरोबर करून बघितलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी इथल्या एका खासगी शाळेत सातवी-आठवीला सायन्स शिकवते. मुलांसमोर पाणी उकळून दाखवलं, आधीच सांगून टाकलं होतं की बघा बरं का, १०० ला उकळेल, आणि थर्मामीटर ९८ वर जाऊन बसला तो हलेचना. दोन थर्मामीटर बदलले, तेच. मग म्हटलं जाऊ दे, थर्मामीटर खराब असेल, तुम्ही १०० लिहा. एका मुलीने कॉपीत ९८ लिहिलं, टेस्टमध्ये पण ९८ च लिहिलं, आन्सर की मध्ये १०० होतं म्हणून मला मार्क कापावा लागला. ती काही बोलली नाही पण तेव्हापासून तास सुरू झाला की मला तिच्याकडे बघवत नाही. माझं नेमकं कुठे चुकलं?
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : थर्मामीटर बरोबर होता हो. ती मुलगी पण बरोबर होती. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू ढोबळमानाने एक अंशाने उतरतो, कारण वरची हवा कमी, तिचा दाब कमी, मग पाण्याला वाफ होऊन सुटायला तेवढं तापावं लागत नाही. हिशोब करा, इंदुरात पाणी ९८ च्या जरासं वर उकळायला पाहिजे. पुस्तकातलं १०० चुकीचं नाही, ते समुद्रकाठच्या दाबाचं आहे, आणि आपण माळव्याच्या पठारावर राहतो. मुंबईत तोच प्रयोग करा, १०० च्या अगदी जवळ येईल. नर्मदाकाठी महेश्वर-मंडलेश्वरला करा, तिथली उंची दीडशे मीटरच्या आसपास, तर साडेनव्याण्णव. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवत आणतात, ते का चढवावं लागतं आणि आपलं पाणी ९८ ला का उकळतं ह्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे, आणि हे ज्या दिवशी मुलांच्या लक्षात येतं ना, त्या दिवशी वर्गात जी शांतता होते ती मी दोनतीनदा अनुभवलीय, अजून आठवते.

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, उत्तर आधी सांगितलंत ही पहिली चूक. पण मला जास्त लागलं ते "थर्मामीटर खराब आहे" हे. थर्मामीटर खराब आहे की नाही हे तपासता येतं ना, आणि तेच तर विज्ञान! बर्फ बारीक कुटून ग्लासात भरा, थोडं पाणी घाला, त्यात थर्मामीटर दोन-तीन मिनिटं धरा. शून्य दाखवला तर निदान त्या टोकाला तो खोटं बोलत नाहीये. तीन वेगळे थर्मामीटर एकच सांगत असतील तर तिघं एकाच वेळी बिघडले असं मानण्यापेक्षा आपला आकडा तपासून बघणं बरं. हे मुलांनाच करू द्या, त्यांनाच ठरवू द्या कोणावर विश्वास ठेवायचा.

पुन्हा कराल तेव्हा असं करा. साधं स्टीलचं पातेलं, इंडक्शन किंवा शेगडी तुमच्या हाताखाली, थर्मामीटर स्टँडला किंवा लाकडी पट्टीला बांधून असा लटकवा की फुगा पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही, टेकला की रीडिंग चढतं आणि सगळा घोटाळा होतो. एक मुलगा दर मिनिटाला घड्याळ बघून ओरडेल, एक वाचेल, एक फळ्यावर लिहील. पाणी तापत जाईल, ८०, ८८, ९४, मग उकळी फुटेल आणि आकडा एका जागी उभा राहील. तुम्ही गप्प राहा. खालची आच वाढवली तरी आकडा उभाच, हे बघून कोणीतरी विचारेलच की बाई आता ही उष्णता जातेय कुठे? हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की पुढचा धडा अर्धा शिकवून झाला समजा. कोणी म्हणेल मीठ टाकू या. टाकू द्या! चमचाभर मिठाने फरक इतका कमी पडतो की शाळेच्या थर्मामीटरवर दिसत नाही, एक अंश चढवायचा तर लिटरभर पाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं. मग कुकर आठवेल कुणाला, तिथे वाफ कोंडून दाब वाढवतो म्हणून पाणी १२० च्या आसपास जातं आणि डाळ पटकन शिजते. एवढं सगळं त्या एका ९८ मधून निघतं, आणि १०० लिहिलं की काहीच निघत नाही.

(पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर फुटल्यावर कोणी हात लावायचा नाही, मुलांना लगेच बाहेर काढायचं, खिडक्या उघडायच्या. शक्यतो अल्कोहोलचा घ्या, ११० पर्यंतचा मिळतो.)

आणि त्या मुलीचं. उद्या वर्गात, सगळ्यांसमोर, तिचा मार्क परत द्या आणि का देताय ते सांगा. आन्सर की करणाऱ्यांशी जे बोलायचं ते नंतर बोला. मी एकदा असा मार्क परत दिला नव्हता, माझ्या नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, लोहचुंबकाचा प्रयोग होता, तो मुलगा आता स्वतः बाप झालाय, भेटला की पाया पडतो आणि मला दर वेळी तो मार्क आठवतो.

प्रश्न : ताई, मुलगा सातवीत आहे. शाळेत सायन्स एक्झिबिशन आहे, मॅडमनी "मॉडेल आणा" एवढंच सांगितलंय. दुकानात रेडीमेड ज्वालामुखी मिळतो थर्मोकोलचा, सगळे तोच नेतात. ह्यांचं म्हणणं घेऊन टाक, पण मला वाटतं त्याने स्वतः काही करावं. घरात काय करता येईल?
— एक आई, सुदामानगर

उत्तर : तुमच्याकडे नर्मदेचा नळ आहे आणि बोरिंग पण असेल ना? बस, मग मॉडेल घरातच आहे.

पाच सारख्या बाटल्या घ्या, पारदर्शक, लेबलं काढलेल्या. एकीत नर्मदेचं पाणी, एकीत बोरिंगचं, एकीत आरओचं, एकीत पावसाचं (मोकळ्या गच्चीत भगोनं ठेवून धरलेलं, पन्हाळीचं नको), आणि पाचवीत बोरिंगचंच पण दहा मिनिटं खळखळ उकळून, गार करून, फडक्याने गाळलेलं. प्रत्येकी १०० मिली. आता आंघोळीचा साबण किसून आरओच्या पाण्यात विरघळवा, ड्रॉपरने प्रत्येक बाटलीत दहा-दहा थेंब, झाकण लावून वीस वेळा हलवायचं, एक मिनिट थांबायचं, आणि फेसाची उंची फूटपट्टीने मोजायची. झालंच तर उलटं पण करा, फेस टिकेपर्यंत थेंब मोजत जा, कोणाला किती लागले. हा आकडा जास्त पक्का येतो.

बोरिंगवाली बाटली बहुतेक रुसून बसेल, फेस कमी आणि वर पांढरट साका. आपल्या पायाखाली काळा दगड आहे, लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, पाणी त्याच्या भेगांतून झिरपत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं, आणि साबण फेस करायचं सोडून त्या क्षारांशीच जाऊन चिकटतो. गीझरमध्ये आणि नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो तो ह्याच क्षारांचा. बघा, ज्वालामुखी हवाच होता ना, तर तो खराखुरा तुमच्या बोरिंगमध्ये आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा! उकळलेल्या पाण्याचं काय होतं ते मी सांगत नाही, त्याला बघू दे.

हे झाल्यावर साबणाऐवजी कपड्यांच्या डिटर्जंटचं पाणी घेऊन सगळं परत करायला लावा. इथे त्याचा अंदाज चुकेल असं मला वाटतं, आणि चुकायलाच पाहिजे, चुकल्यावर तो पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायला लागेल.

एक मात्र करा, तुम्ही आणि ह्यांनी हात लावायचा नाही. तक्ता वाकडा येऊ दे, अक्षर कसंही असू दे. परीक्षकाने विचारलं "वीस वेळाच का हलवलं" आणि त्याला सांगता आलं की सगळ्यांना सारखंच हलवलं नाही तर तुलना कशी होणार, तर बक्षीस मिळो न मिळो, एक्झिबिशन झालं म्हणायचं. आणि हो, बाटल्यांतलं पाणी कोणी प्यायचं नाही, आणि फेस कमी म्हणजे पाणी घाण आणि जास्त म्हणजे स्वच्छ असा अर्थ काढू देऊ नका. हा प्रयोग फक्त क्षारांबद्दल सांगतो, जंतूंबद्दल काहीच सांगत नाही.

प्रश्न : आजी, माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मवर पोह्यांचा पिवळा डाग पडला, आईने साबण लावला तर तो एकदम लाल झाला, आणि धुतल्यावर परत पिवळा. सरांना विचारलं तर म्हणाले हे आपल्या कोर्समध्ये नाही, पुढच्या वर्षी येईल. मला पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं नाहीये.
— सहावीतली मुलगी, राजेंद्रनगर

उत्तर : थांबूच नको बाळा. लाल झाली ती हळद. साबण क्षारीय, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो, आणि असं काही भेटलं की हळद लाल होते, आम्ल भेटलं की परत पिवळी. आता तू एक काम कर, हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळव, आणि त्यांच्यावर एकेक थेंब टाकून बघ, लिंबू, दही, साबणाचं पाणी, पानाचा चुना (हा आईला विचारून, आणि डोळ्याला हात लावायचा नाही). खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्हीने पट्टी सारखीच लाल होते का? हे नीट बघून लिही.

अजून एक, हे तुझ्या सरांना पण आवडेल. जुन्या पांढऱ्या फडक्यावर हळदीचा डाग पाड, अर्ध्या डागावर जाड पुठ्ठा बांध आणि दोन दिवस कडक उन्हात ठेव. मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे शेजारी-शेजारी बघ. काय दिसलं ते मला लिही आणि सरांना फडकंच नेऊन दाखव, काही विचारू नको, नुसतं दाखव.

प्रश्न : नमस्कार. सांवेरकडच्या सरकारी माध्यमिक शाळेत आहे. वर्गात ५६ मुलं, ४० मिनिटांचा पिरियड, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्याची किल्ली सापडत नाही. ट्रेनिंगला गेलं की सांगतात मुलांना प्रश्न विचारू द्या, शोधू द्या, अनुभवाशी जोडा. हे सगळं ऐकायला चांगलं आहे हो, पण कोर्स कधी पूर्ण करायचा? ५६ मुलांना शोधू दिलं तर वर्गाची मंडई होते.
— एक सर

उत्तर : सर, तुमची अडचण खरी आहे आणि ती कोणी ट्रेनिंगमध्ये ऐकून घेत नाही हेही खरं आहे. पण हे करून झालेलं आहे, तेही दूर कुठे नाही, आपल्याच मध्य प्रदेशात. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत, सहावी ते आठवीला, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी होशंगाबाद विज्ञान सुरू केलं. गावातल्या शाळा, तुमच्यासारखेच सर, बहुतेकांकडे प्रयोगशाळा नाहीच. १९७८ मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं, १९८२ मध्ये एकलव्य संस्था झाली तिने पुढे चालवलं. मुलं चार-चारच्या टोलीत बसायची, प्रयोग टोली करायची, "बाल वैज्ञानिक" हे त्यांचं पुस्तक बहुतेक प्रश्नांनीच भरलेलं, उत्तरं मुलांनी करून लिहायची, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची परवानगी, कारण पाठ केलेलं काही विचारायचंच नव्हतं. मुलं सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहायची आणि त्यांना उत्तरं जायची. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. पण ३० वर्षं चाललं, म्हणजे होत नाही असं कोणी म्हणू नये.

तर तुमच्या ५६ चे १४ टोल्या. टोली एकदा ठरली की सहा महिने बदलू नका, बसायच्या जागा पण ठरलेल्या, सामान आणणारा एक, लिहिणारा एक, बोलणारा एक, आवरणारा एक, दर आठवड्याला काम फिरतं. मंडई होते ती बहुतेक सामान वाटताना आणि गोळा करताना होते, विचार करताना होत नाही, हे बघा तुम्ही लक्ष देऊन.

आणि सगळा कोर्स असा शिकवायचा नाहीच आहे! अणूच्या आत काय आहे ते मुलं चहाच्या कपात शोधू शकणार नाहीत, ते तुम्ही सांगायचं, छान गोष्ट करून सांगायचं. शब्द, एककं, सूत्रं, ही पण सांगायचीच. महिन्यातून एक-दोन धडे निवडा जिथे वस्तू हाताशी आहे.

म्हणजे कसं, एक उदाहरण देते. प्रत्येक टोलीला चार कागदी कप, चहाच्या टपरीवरचे, तळाला भोक, त्यात शेतातली काळी माती थोडी वाळू मिसळून. गहू, मका, चणा, सोयाबीन, तुमच्याकडे तर मुलांच्या घरीच पोती असतील. पेरायला एक पिरियड. मग बारा-पंधरा दिवस रोज पाच मिनिटं, हजेरी घेता घेता, उंची मोजून लिहायची. शेवटी एका पिरियडला कप पाण्यात बुडवून माती सोडवायची, मुळं धुवायची आणि पान उजेडासमोर धरायचं. तुम्ही फक्त एवढंच विचारा, पानाच्या रेषा कशा आहेत आणि मूळ कसं आहे, चारही कपांचा तक्ता करा. गहू-मक्याच्या पानात रेषा समांतर आणि मुळं झुबक्यासारखी, चणा-सोयाबीनमध्ये पानात जाळी आणि मधोमध एक सोट मूळ. १४ टोल्यांचे तक्ते फळ्यावर शेजारी-शेजारी आले की नियम मुलंच म्हणतात, तुम्हाला म्हणावा लागत नाही. दोन पिरियड गेले सर, फक्त दोन, आणि एकदल-द्विदल पुन्हा कधी शिकवावं लागत नाही.

आता ह्यातली खरी मजा. मी हा धडा घेतला की नंतर सांगायची, घरून-शेतातून पानं आणा आणि नियम मोडणारं पान शोधा. एका वर्षी एक मुलगा वेल घेऊन आला, मुळासकट, पिशवीत ओल्या कपड्यात गुंडाळून. पानात चक्क जाळी, मोठ्या शिरा देठापासून टोकापर्यंत वाकलेल्या आणि मधे बारीक जाळं, आणि खाली मुळं झुबक्याची. अख्खा वर्ग त्याच्यावर तुटून पडला, की तू दोन झाडं चिकटवून आणलीस. तो म्हणे नाही बाई, आमच्या वाड्यातला गराडू आहे. गराडू, तोच कंद जो आपण हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊबाजारात तळून, जिरावन मसाला आणि लिंबू मारून खातो! गराडू एकदल आहे पण पान जाळीचं, अशी थोडी एकदल झाडं असतात. मी त्या दिवशी ठरवलेला धडा घेतलाच नाही. नियम कुठवर चालतो आणि कुठे थांबतो ह्यावर मुलं पूर्ण पिरियड भांडली आणि मी त्यांना भांडू दिलं.

किल्लीचं म्हणाल तर हेडमास्तरांच्या लेखी परवानगीने कुलूप तोडा. कपाटात निदान भिंगं असतील.

प्रश्न : वय ७४, बँकेतून रिटायर. नात ग्वाल्हेरला सहावीत असते, तिला शाळेत सांगितलंय की दुपारी १२ ला सावली सगळ्यात लहान असते. तिने ओटल्यावर काठी उभी करून बघितलं तर १२ ला नाही, नंतर लहान झाली. फोनवर मला विचारते, आबा कोण खोटं? मी इथे गच्चीवर करून बघितलं, माझी तर अजूनच उशिरा लहान झाली. तिला काय सांगू?
— एक आजोबा, लोकमान्यनगर

उत्तर : आबा, तुम्ही गच्चीवर जाऊन बघितलंत हे तिला सांगितलंत का? आधी ते सांगा.

आपली सगळ्यांची घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या वेळेवर चालतात, ती रेषा अलाहाबादजवळून जाते. सूर्य पूर्वेकडून येतो, त्या रेषेवरून इंदूरपर्यंत यायला त्याला अजून २६-२७ मिनिटं लागतात, दर अंशाला चार मिनिटं. ग्वाल्हेर आपल्या पूर्वेला, तिथे सतराच मिनिटं. म्हणून तिची सावली तुमच्या आधी लहान झाली. ऋतूप्रमाणे ह्यात दहा-पंधरा मिनिटं इकडे-तिकडे होतात, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत करून बघा म्हणजे कळेल. खोटं कोणीच नाही, पुस्तक सूर्याचे बारा म्हणतंय आणि तिने घड्याळाचे बारा बघितले. दिवाळीत ती आली की तिला उज्जैनच्या वेधशाळेत न्या, सवाई जयसिंगांनी बांधलेली, १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्याच माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली होती, तिथलं सम्राट यंत्र आजही सूर्याचीच वेळ दाखवतं.

पण त्याआधी २३ सप्टेंबर येतोय, दिवस-रात्र सारखी असते तो. तुम्ही गच्चीवर आणि तिने ओटल्यावर, बरोबर एक मीटरची काठी उभी करायची, ओळंब्याने सरळ करून. १२ वाजल्यापासून पाऊण तास दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची, आणि सगळ्यात लहान सावली मोजायची. सूर्याकडे बघायचं नाही, खाली जमिनीकडे बघायचं. ढग असले तर एक-दोन दिवस पुढे-मागे चालेल, फक्त दोघांनी दिवस एकच धरा. तुमची ४२ सेंटिमीटरच्या आसपास येईल. तिची किती ते मी लिहीत नाही, तिला मोजू दे.

मग दोघांनी आलेख कागदावर काठी १० सेंटिमीटरची काढायची, सावली त्याच प्रमाणात, त्रिकोण पूर्ण करायचा आणि काठीच्या वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजायचा. दोन कोनांची वजाबाकी करा. ३६० ला त्या वजाबाकीने भागा, आणि जे येईल त्याला ३९० ने गुणा, कारण ग्वाल्हेर इंदूरपेक्षा उत्तर दिशेला साधारण ३९० किलोमीटर वर आहे (रस्त्याचं अंतर घेऊ नका, रस्ता वळतो). हा पृथ्वीचा घेर झाला. खडूची खूण एक सेंटिमीटर चुकली तरी उत्तर बरंच हलतं, म्हणून तिला म्हणावं खूण बारीक कर. दोघांचे आकडे आणि गुणाकार मला पोस्टकार्डावर पाठवा, जसे आलेत तसेच, पुस्तकात बघून दुरुस्त न करता.